अमोलिकमास्तरांची झील

घोडपदेवच्या त्या चाळीत अमोलिकमास्तर कुठे राहतात असं विचारलंत, तर कुणीही दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली दाखवील. पण हे मास्तर कुठल्या शाळेत शिकवायचे, असं विचारलंत तर चाळ बुचकळ्यात पडेल, कारण ते कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये त्यांनी उभी हयात लोकांचं रक्त तपासलं आणि तिथूनच निवृत्त झाले. मास्तर ही पदवी रविवारची. भायखळ्याच्या बाजूच्या जुन्या दगडी चर्चमध्ये मराठी उपासनेला ते ऑर्गन वाजवतात, म्हणून मास्तर. नाव शांतवन, वय सत्तरीच्या घरात, आणि मे महिन्यातसुद्धा रविवारी कोट-टाय केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही हा बाणा. बायको रूथबाई म्हणायच्या, "अहो, परमेश्वराला तुमचा टाय दिसत नाही." मास्तर म्हणायचे, "मंडळीला दिसतो."

चाळीत ख्रिस्ती बिऱ्हाड हे एकच. मास्तरांचे वडील नगरकडून चर्चची राखण करायला आले आणि ही खोली मिळाली म्हणून इथलेच झाले. बाकी सगळी चाळ कोकणातली, गिरणीत कामाला लागलेली. त्यामुळे लहानग्या शांतवनच्या एका कानात रविवारची साहेबी चालीची गीतं आणि दुसऱ्या कानात तळमजल्यावरच्या भजनी मंडळाचा पखवाज. तिकडे नगरच्या चर्चमंडळ्यांमध्ये येशूची भजनं टाळ-मृदंगावर होतात, वडिलांनीही ती लहानपणी ऐकलेली होती. पण मुंबईच्या या चर्चनं ऑर्गनशी लग्न लावलेलं, आणि नवीन सुनेला माहेरच्या सवयींचा पडावा तसा त्याला गावाकडच्या सवयींचा विसर पडला होता.

कोकणी भजनाची गंमत ज्यांनी चाळीत बसून ऐकलीय त्यांना वेगळं सांगायला नको. डबल बारी असली की दोन बुवा समोरासमोर, आणि प्रत्येकाच्या पाठीशी त्याची झील धरणारे. बुवानं ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती वरच्या वर उचलायची. अशी उचलायची की बुवाला श्वास घ्यायला सवड मिळावी आणि ऐकणाऱ्याला वाटावं, आता आपणही ओरडावं. झील चांगली नसेल तर भला बुवाही उघडा पडतो. शांतवन हा पोरगा झीलकऱ्यांत सगळ्यात मागे बसायचा, आणि त्याचा आवाज सगळ्यांच्या पुढे जायचा. त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा धोंडू घाडी तेव्हा पेटीवर बोटं फिरवायला शिकत होता. तो म्हणायचा, "शांतवना, तू मागे आसस म्हणान माका भीती नाय."

एकदा चाळीच्या पूजेच्या कार्यक्रमात हा आवाज रस्त्यापर्यंत गेला आणि ड्युटीवरून येणाऱ्या वडिलांनी तो ओळखला. त्यांनी मारलं नाही. दुसऱ्या दिवशी पोराला कानाला धरून चर्चमध्ये नेलं आणि ऑर्गनसमोर बसवलं. "गाण्याची हौस आहे ना? मग इथं भागव." पोरगं हुशार होतं, शिकलं. बापावर राग धरायचीही गरज पडली नाही, कारण ऑर्गन त्याला खरोखरच आवडला. मात्र त्या दिवसापासून हात बोलायला लागले आणि तोंड मिटलं ते मिटलंच. वाजवणाऱ्याला गायला सवड नसते हे खरं, पण मास्तरांनी ती कधी काढलीही नाही. चर्चमध्ये दोन पिढ्या त्यांच्या वाजवण्यावर लग्नं लावून मोकळ्या झाल्या, पण त्यांच्या गळ्यातून सूर निघतो हे कुणाला माहीत नव्हतं.

ऑर्गनही मास्तरांसारखाच, जुना आणि ताठ. भात्याला मागून विजेची मोटार बसवलेली, म्हणून पाय मारावे लागत नाहीत एवढीच काय ती नव्या जमान्याशी तडजोड. दुरुस्ती करणारे सगळे देवाघरी गेले, तेव्हा मास्तर स्वतःच त्याची देखभाल करू लागले. एखादी पट्टी कुरकुरायला लागली की कागदाची घडी करून फटीत खोचायची, म्हणजे पट्टी दाबलेली राहते आणि सूर वाजत राहतो. मग पाठीमागे जायचं, कान लावायचा आणि कुठल्या सुराची पितळी जीभ रुसली आहे ते शोधायचं. रूथबाई डबा घेऊन आल्या की त्यांना कोटाची मागची बाजू तेवढी दिसायची.

आणि या नाताळात मास्तरांच्या डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांनी दगा दिला.

दगा मोठा नव्हता. गर्दीच्या उपासनेत, सगळे तोंड भरून गात असताना, खालचे सूर एकदा उशिरा आले, एकदा आलेच नाहीत. मास्तरांनी उजव्या हाताचा जोर वाढवून वेळ मारून नेली. घरी येऊन त्यांनी हात गरम पाण्यात धरला, तेल चोळलं, आणि डॉक्टरांकडे जायचं मात्र टाळलं. लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला तपासण्यांची भीती वाटत नाही, त्यांच्या उत्तरांची वाटते. त्यातच जानेवारीत पंचकमिटीनं सुचवलं की अनुजाला महिन्यातून एखादा रविवार द्यावा. अनुजा दादरच्या शाळेत संगीत शिकवणारी, मास्तरांचीच शिष्या, हात गोड. मास्तर म्हणाले, "ती अजून कच्ची आहे." ती कच्ची नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑर्गनच्या बाकावरून उठलो की या चर्चमध्ये आपण कोण, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं, आणि म्हणून ते बाक धरून बसले होते.

नेमक्या त्याच दिवसांत रूथबाईंना गाणं लिहायची हुक्की आली.

हुक्की म्हणणं बरोबर नाही. त्या आधीपासूनच लिहायच्या, पण सगळं साहेबी चालीत बसवून. मोजूनमापून लिहिलेलं, आणि गाऊन झालं की विसरलं जाणारं. यंदा पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितलं, "झावळ्यांच्या रविवारी आपल्या मातीतलं एखादं गीत व्हावं." प्रभू येशू गाढवाच्या शिंगरावर बसून यरुशलेमात आला आणि लोकांनी झावळ्या हातात घेऊन त्याचा जयजयकार केला, तो हा रविवार. पाळक तरुण होते, त्यांनी सहज सांगितलं. रूथबाईंनी ते मनावर घेतलं आणि थेट तळमजल्यावर धोंडूबुवांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "बुवा, चाल द्याल का? भजनाची."

धोंडूबुवा आता पंचाहत्तरीपार. गिरण्या गेल्या, मंडळातले झीलकरी कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला पांगले. पेटी वर्षातून गणपतीतच उघडायची. पुतण्या कल्पेश पखवाज वाजवतो, पण तोही परळच्या टॉवरमधल्या नोकरीतून सुटेल तेव्हा. बुवांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाले, "वयनी, मी चाल दितंय, पेटी दितंय. पण तुमचो विश्वास तुम्हीच घाला. तो उसनो मिळणा नाय."

"तो आहे आमच्याकडे," रूथबाई म्हणाल्या. "चाल तेवढी नाही."

बैठका मास्तरांच्याच खोलीत व्हायला लागल्या, कारण बुवांच्या खोलीत नातवंडांचा टीव्ही. संध्याकाळी चहा झाला की बुवा पेटी घेऊन वर यायचे, कल्पेश जमेल तसा ऑफिसचे बूट दाराशी काढून पखवाजाला बसायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापायला कणीक लागते, ती रूथबाई रात्रीच्या पोळ्यांच्या गोळ्यातून काढून द्यायच्या. मास्तर खिडकीशी वर्तमानपत्र धरून बसायचे. पान मात्र उलटायचे नाहीत.

पहिल्या दिवशी रूथबाईंनी लिहून आणलेलं वाचलं. त्यात दाविदाचा पुत्र होता, सियोनाची कन्या होती, जगाचा तारक होता, आणि ओळी अशा लांब की एका दमात म्हणताना माणसाला घेरी यावी. बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेटीचा भाता बंद केला.

"ह्या गाणा नाय वयनी, ह्यो धडो झालो. ह्यात माणसान श्वास खंय घेवचो?"

रूथबाई जरा दुखावल्या. पण बाई खमकी, वही मिटली आणि म्हणाल्या, "मग तुम्हीच विचारा, मी सांगते." असं ते गाणं सुरू झालं. बुवा विचारायचे आणि रूथबाई उत्तर द्यायच्या.

"राजा म्हणतास, मगे गाढवार कशाक बसता तो? घोडो मिळाक नाय?"

"मिळाला असता. त्याला नको होता. लढाईला जाणारा राजा घोड्यावर बसतो. हा गरिबाघरी येणारा."

बुवांनी मान हलवली, पेटीवर बोटं ठेवली आणि दोन ओळी जशाच्या तशा उत्तरातूनच निघाल्या. ना हत्ती, ना घोडा त्याला, शिंगराची सवारी. त्यावर झील हवी, लोकांनी परत परत म्हणावी अशी. कल्पेश ठेका धरून बसला होता. तो म्हणाला, "काकी, मिरवणूक आली की पुढचे लोक काय ओरडतात? बाजूला व्हा, वाट द्या." लगेच झील मिळाली:

सोडा वाट, सोडा वाट, राजा येतो दारी.

दुसऱ्या कडव्याला मात्र बरेच दिवस गेले. लोकांनी अंगावरचे कपडे काढून रस्त्यावर अंथरले, असं रूथबाई सांगत होत्या. कशासाठी, असं बुवांनी विचारलं. मानासाठी, असं रूथबाई म्हणाल्या. बुवांचं काही समाधान होईना. मग एका संध्याकाळी ते वर आले तेच बोलत आले, "वयनी, थयसर ऊन आसतला मा? मगे त्या शिंगराचे पाय पोळतले. त्येचा कोणी बघूक नाय?"

रूथबाई बुवांकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं त्या हा शास्त्रपाठ ऐकत होत्या, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होत्या, पण शिंगराच्या पायांचा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. तिथल्या तिथे म्हणाल्या:

शिंगराचे पाय पोळती, ऊन तापले भारी,
अंगावरली शाल माझी अंथरते वाटेवरी.

वर्तमानपत्रामागे मास्तरांच्या पायाचा अंगठा ठेका धरून होता. रूथबाईंना तो दिसला. त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं, एवढा समजूतदारपणा त्यांच्यापाशी होता.

मास्तरांच्या मनात मात्र दोन माणसं भांडत होती. एकाला ती चाल अंगभर चढत होती. दुसरा म्हणत होता, हे गाणं चर्चमध्ये गेलं की ऑर्गन गप्प. आणि ते खरंच होतं. ऑर्गनचा सूर बुवांच्या पेटीपेक्षा किंचित उतरलेला, दोन्ही एकत्र वाजवले तर दातांखाली खडा आल्यासारखं व्हायचं. पेटी वाजणार म्हणजे मास्तरांनी हात मांडीवर ठेवून बसायचं. आज एका गाण्यापुरतं, उद्या दोन, आणि परवा अनुजा.

झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात, उपासना संपल्यावर, मंडळीला गाणं शिकवून बघायचं ठरलं. रूथबाई पुढे गाणार, मंडळी झील धरणार. आदल्या दिवशी मास्तर आपणहून म्हणाले, "मी कागद छापून आणतो. प्रत्येकाच्या हातात हवा." नवं गीत म्हणजे कागद, ही त्या चर्चची जुनी रीत. मास्तरांनी सुबक अक्षरात सगळं टाइप करून घेतलं, सगळी कडवी, झील प्रत्येक कडव्याखाली, आणि वर ठळक ओळ: सर्वांनी उभे राहून गावे. दादरला जाऊन प्रती काढल्या आणि बाकाबाकावर ठेवल्या.

त्यानंतर जे झालं ते बघून कल्पेशनं पुढे महिनाभर हसू दाबलं. रूथबाईंनी पहिली ओळ टाकायला तोंड उघडलं आणि सगळी मंडळी त्यांच्याबरोबरच सुरू झाली. उभी राहून, माना खाली, नजर कागदात, एकसुरी आणि सावकाश, शतकभराच्या सवयीनं. झील, कडवं, पुन्हा झील, सगळं एका ओळीत, एका संथ लयीत. बाईंना ओळ टाकायला जागाच नाही आणि उचलायला कुणी नाही. पखवाज दोनदा पुढे पळाला, दोनदा मागे आला, शेवटी कल्पेशनं हात आवरते घेतले. आणि शेवटचं अक्षर झाल्यावर साऱ्या मंडळीनं भजनाच्या शेपटाला लांबलचक "आऽऽमेन" जोडला. बुवांनी पेटीला झाकण घातलं.

कमिटीचे सेक्रेटरी भले गृहस्थ. "शब्द छान आहेत हो," ते म्हणाले. "पण आपल्या मंडळीला हे नाही झेपायचं. त्या रविवारी नेहमीचं गीत घेऊ या." पाळकसाहेबांनी, अजून एक संधी द्यावी, असं म्हणून वेळ निभावली. मास्तरांनी हे सगळं ऑर्गनच्या बाकावरून ऐकलं. सुटल्यासारखं वाटलं, आणि लगोलग स्वतःची शरम वाटली.

चाळीच्या गॅलरीत चहा घेताना बुवांचा पारा चढलेलाच होता. "भजनाक कागद? नजर कागदार, मगे बुवाच्या तोंडाकडे कोण बघतलो? कागद कोणी वाटल्यान?"

मास्तर तोंड उघडणार, तोच रूथबाई म्हणाल्या, "मी वाटले. मला कुठे एवढं कळतंय."

 बुवांनी मास्तरांकडे असं बघितलं की मास्तरांना चहा गोड लागेना. मागच्या रांगेत बसून, बुवाच्या ओठांवर नजर ठेवून ज्यानं पोरवय काढलं, त्याला भजनात कागद चालत नाही हे ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. मग हातून असं झालं कसं, हे त्यांचं त्यांनाच नीट उमजत नव्हतं. मुद्दाम केलं असंही म्हणवत नव्हतं आणि नकळत झालं असंही.

"पुढच्या रविवाराक पेटी नको," बुवा उठताना म्हणाले. "तुमच्या लोकांच्या कानात ऑर्गनच बसलो आसा. तोच सूर असूंदे. शांतवना, तू नुसतो काळी चारचो सा धरून ऱ्हव. कल्पेश पखवाज त्या सुराक लावतलो. आणि कागदाचो कपटोसुद्धा माका दिसता नये."

शनिवारी दुपारी मास्तर चर्चमध्ये एकटेच सराव करत होते. दुसऱ्या दिवशीचं शेवटचं गीत मोठं, डाव्या हाताला भरपूर काम. तीनदा सुरुवात केली, तीनदा बोटं त्याच जागी अडली. चौथ्यांदा सुरुवात करताना मागे सळसळ झाली. दादरच्या बाजारातून आणलेल्या झावळ्यांचा भारा घेऊन रूथबाई दारात उभ्या होत्या.

"नाताळापासून दमलीत ती दोन बोटं," भारा खाली ठेवत त्या म्हणाल्या.

मास्तरांचे हात पट्ट्यांवरच राहिले. "कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? लग्नाआधीपासून ऐकतेय तुम्हाला."

"म्हणून हे भजनाचं खूळ काढलंस? मला उठवायला?"

"काहीतरीच काय! गाणं मला हवं होतं म्हणून लिहिलं. सगळंच तुमच्यासाठी करते का मी?" त्या चिडल्या, आणि मग जवळ येऊन बाकाच्या टोकाला बसल्या. "पण एक सांगते. मुलगी बघायला तुम्ही भायखळ्याला आमच्या घरी आलात, तेव्हा तुमची आई म्हणाली होती, आमचा शांतवन गातो छान. मी इतकी वर्षं वाट बघतेय. एकदाही गायला नाहीत."

 मास्तरांनी ऑर्गनचं झाकण लावलं, भारा उचलला आणि दोघांनी मिळून बाकांच्या कडेला झावळ्या बांधल्या. डाव्या हाताला गाठ मारता येत नव्हती, ती रूथबाईंनी मारली.

रविवारी चर्च भरलेलं. मुलांच्या हातात झावळ्या, एकमेकांच्या नाकात घालणं चाललेलं. वेदीच्या पायऱ्यांखाली सतरंजी अंथरून रूथबाई आणि कल्पेश बसले होते. धोंडूबुवा धुवट सदऱ्यात सगळ्यात मागच्या बाकावर, टोपी मांडीवर. शास्त्रपाठ झाला. पाळकसाहेब म्हणाले, "आता गीत. कागद नाहीत. बसूनच राहा, आणि ऐका."

मास्तरांनी काळी चारची पट्टी दाबून धरली. एका बोटाचं काम, ते बोट शाबूत होतं. पखवाज त्या सुरात मिसळला आणि रूथबाईंनी ओळ टाकली:

सोडा वाट, सोडा वाट, राजा येतो दारी.

कुणी उचललीच नाही. मंडळी कान देऊन ऐकत होती, अगदी आदरानं, प्रवचन ऐकावं तशी. कागद नाही म्हणजे आपण गायचं नाही, असा त्यांनी सरळ अर्थ घेतला. रूथबाईंनी ओळ पुन्हा टाकली. एका बाईनं भिंतीवरच्या फळीवर गीताचा क्रमांक शोधला. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा बाईंचा आवाज हलला. कल्पेश ठेका सोडत नव्हता, पण त्याची नजर सारखी मागच्या बाकाकडे जात होती. मास्तरांनीही तिकडेच बघितलं. बुवांचं तोंड उघडलं होतं. ती ओळ त्यांच्या गळ्यापर्यंत आलेली होती, हे मास्तरांना इतक्या लांबूनही दिसलं. पण बुवांनी ओठ मिटले आणि टोपी घट्ट धरली. विश्वास तुमचा तुम्ही घाला, हा शब्द म्हातारा पाळत होता.

मग बुवांनी नजर उचलून मास्तरांकडे बघितलं. पोरवयात पेटीवरून मागे वळून बघायचे, तसंच.

बाकाच्या खणात मागच्या आठवड्यातला एक कागद उरला होता. मास्तरांनी तो उजव्या हातानं काढला, गुडघ्यावर दाबून घडी केली, पुन्हा घडी केली आणि काळी चारच्या फटीत खोचली. बोट काढलं. सूर वाजत राहिला. ते उठले, कोट सारखा केला आणि भर उपासनेत ऑर्गन सोडून चालू लागले. सेक्रेटरी अर्धवट उठले, त्यांना वाटलं मास्तरांना चक्कर आली. मास्तर सतरंजीपाशी आले, गुडघे कुरकुरत असताना रूथबाईंच्या मागे मांडी घालून बसले, आणि त्यांच्या मानेकडे बघत ओळीची वाट पाहू लागले.

रूथबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. ओळ टाकली.

मास्तरांनी ती उचलली. आवाज फाटका होता, कितीतरी वर्षं न वापरलेला, पण वर चढला तो थेट छताच्या लाकडापर्यंत. सोडा वाट, सोडा वाट! पुढच्या बाकावरची माणसं दचकली. दुसऱ्या फेरीला अनुजानं त्यांच्या ओठांकडे बघत सूर धरला. मग मुलांनी, कारण मुलांना ओरडायला निमित्त लागत नाही. शिंगराच्या पोळत्या पायांचं कडवं आलं तेव्हा बाया झील धरत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. त्याच्या पुढच्या फेरीला सगळं चर्च बसल्या जागी गात होतं, नजर वर, झावळ्या पखवाजाच्या लयीत हलत होत्या. मास्तरांचा टाय एका खांद्यावर गेला होता. रूथबाईंना आता मधे मधे श्वास घ्यायला सवड मिळत होती, आणि त्या प्रत्येक श्वासाला नवरा पाठीशी होता. त्या रडत होत्या आणि गात होत्या, आणि दोन्ही त्यांना एकाच वेळी जमत होतं.

कल्पेशनं शेवटची तिहाई घेतली. सगळे एकदम थांबले. आमेन कुणी म्हटलं नाही. रिकाम्या बाकासमोरचा ऑर्गन मात्र एकटाच वाजत होता, तो एक सूर धरून. तो बंद करायला कुणीतरी उठायला हवं होतं, आणि ते काम मास्तरांचं होतं. मास्तर उठले नाहीत. पाळकसाहेबांनी जरा वेळ वाट पाहिली आणि मग त्या सुरावरच प्रार्थनेला सुरुवात केली.

उपासनेनंतर दारात सेक्रेटरी हात चोळत आले. "मास्तर, पुढच्या, पुनरुत्थानाच्या रविवारी पुन्हा हेच गीत. मंडळी मागतेय. पण तुम्ही असं खाली येऊन बसलात तर ऑर्गनवर कोण?"

मास्तरांनी डावा हात खिशातून बाहेर काढला. त्याची दोन बोटं थरथरत होती. ती झाकायची त्यांना आज काही गरज वाटली नाही.

"अनुजाला बसवा," ते म्हणाले. "पक्की आहे ती."

पायऱ्यांवर धोंडूबुवा टोपी डोक्यावर चढवत उभे होते. काही बोलायच्या आधी त्यांनी नाक शिंकरलं. "आवाज फाटलो हां तुझो," ते म्हणाले. "पण झील विसारलंस नाय."

"उद्या संध्याकाळी वर येशील ना, धोंडूदादा?" मास्तरांनी विचारलं. "पुढचं गाणं करायचंय."

"कसला?"

मास्तरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी रूथबाईंकडे बघितलं. बाई रुमालानं तोंड पुसत होत्या. त्यांनी पुढे होऊन नवऱ्याच्या गळ्यातला टाय सोडवला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "आधी घरी चला. कणीक भिजवायचीय."